बाईंनी मागे घेतलेले नाव

डॉ. शरदिनी कापडणीस यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा ग्रंथ निघतो आहे, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणून मी त्यात लिहावे असा गौरव समितीचा आग्रह आहे. समितीने लेखकांना सूचना पाठवल्या आहेत. लेख प्रसन्न असावा, असे त्यात दोन ठिकाणी म्हटले आहे. मी प्रयत्न करीन. पण ज्या बाईंना मी ओळखते त्यांच्याबद्दल खरे लिहायचे तर प्रसन्नता फार वेळ टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इगतपुरीहून नाशिकच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आले, त्या पहिल्याच आठवड्यात बाई भेटल्या. प्राणिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात साडीचा पदर खोचून त्या स्टुलावर उभ्या होत्या आणि विजेच्या मीटरच्या पेटीवरून चिखलाचा एक गोळा चाकूने सोडवत होत्या. मला वाटले साफसफाई चालली आहे. मी बघत उभी राहिले तर वरून आवाज आला, "बघतेस काय? डबी धर."

मी डबी धरली. त्यात बोराएवढे एक मडके येऊन पडले, बारीक मान आणि बाहेर वळलेला काठ असलेले. खाली उतरून बाईंनी ते नखाने फोडले. आत हिरव्या अळ्या दाटीवाटीने भरल्या होत्या. मेल्यात का, असे मी विचारले.

"नाही. मेल्या असत्या तर सडल्या असत्या," बाई म्हणाल्या. "माशीनं डंख मारून लुळ्या करून ठेवल्यात. आणि वर हे दोऱ्याला लोंबतंय ना, ते तिचं अंडं. त्यातून तिचं पिल्लू निघेल आणि या जिवंतच एकेक करून खाईल."

त्या दुपारी मला डबा गेला नाही. बाईंच्या ते लक्षात आले. "सवय होईल," त्या म्हणाल्या, "नाही झाली तरी चालेल. मला अजून झालेली नाही." कॉलेजात सगळ्या प्राध्यापिकांना 'मॅडम' म्हणण्याची पद्धत होती. कापडणीस बाईंना मात्र पहिल्यापासून 'बाई'च म्हणत, का ते कुणाला सांगता येत नसे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गांधीलमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते आणि पळापळ आठवते. बाईंच्या माश्या त्या नव्हेत. या एकट्या राहणाऱ्या. त्यांतली कुंभारीण चिखलाची मडकी घडवते, आणि तिच्या काही बहिणी गवंड्यासारख्या भिंतीतल्या किंवा लाकडातल्या भोकात चिखलाचे आडोसे घालून खोल्या पाडतात. मादी खोली बांधते, अंडे घालते, अळ्या भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. या माश्यांच्या कोणत्या जाती कुठे आहेत, एकीला दुसरीपासून कसे ओळखायचे, हे ठरवण्यात बाईंची हयात गेली. डोक्यावरचे खड्डे, कमरेचा बाक, मिशांची टोके, असल्या गोष्टी मायक्रोस्कोपखाली पाहत त्यांनी वर्षानुवर्षे मान मोडून घेतली. एकदा विद्यापीठाकडून आलेल्या एका पाहुण्यांनी चहा घेता घेता विचारले, "मॅडम, या माश्यांना नावं देऊन उपयोग काय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "उपयोग बघूनच नाव ठेवायचं असतं, तर तुमचं कसं ठेवलं?" ते पाहुणे पुढे आमच्या विभागाला काही वर्षे आडवे गेले, पण तो चहा आम्हां विद्यार्थ्यांच्या अजून लक्षात आहे.

बाईंचा कटाक्ष एकच होता. चूक दिसली की ज्याची असेल त्याने ती सांगायची, आणि छापली असेल तर छापूनच सांगायची. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका पेटीत एकाच जातीच्या म्हणून लावलेल्या माश्यांत मला एक वेगळी वाटली. धीर करून मी ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सबंध दुपार पाहिली आणि संध्याकाळी विभागातल्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी चुकले. ही निमानं वेगळी काढली, म्हणजे ही तिची." आमच्याकडे शोधनिबंधावर मार्गदर्शकाचे नाव आपोआप येते. बाईंनी त्या निबंधावर स्वतःचे नाव घालू दिले नाही. मी पुन्हा पुन्हा म्हटले तेव्हा त्या चिडल्या. "मी चुकले होते ते काय सहलेखिका म्हणून लिहू?"

आता जुईबद्दल लिहायला हवे. या ग्रंथातल्या बाकीच्या लेखांत तिचा उल्लेख असेल असे मला वाटत नाही, कारण बाई तिच्याबद्दल बोलत नाहीत आणि लोक विचारत नाहीत.

जुई ही बाईंची एकुलती एक मुलगी. बाई रविवारी दिंडोरीच्या द्राक्षबागांत फिरायच्या, तेव्हा ती जाळी घेऊन बरोबर असायची. कुंभारणींना बागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल फार आवडत. वर पानांची सावली, ठिबकच्या नळीपाशी ओला चिखल आणि वेलीवर हव्या तेवढ्या अळ्या. बाई एका ओळीतून आणि जुई दुसऱ्या ओळीतून चालत जायची. माझ्या पहिल्या वर्षी मी या दोघींच्या मागे डब्या घेऊन असे. जुई बडबडी होती आणि आईला अजिबात घाबरत नसे. "आई, तुझ्या सगळ्या माश्या सारख्याच दिसतात," असे ती मुद्दाम म्हणायची. अशाच एका रविवारी तिने जाळीत एक माशी धरली, काळ्या अंगावर विटकरी पट्टा असलेली. बाईंनी ती काचेच्या नळीत घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "ही मी पाहिलेली नाही." जुईने त्यावर इतका भाव खाल्ला की परतीच्या एस.टी.त दुसऱ्या कुणाला बोलता आले नाही.

त्याच वर्षी श्रावणात ती मेंदूज्वराने गेली. शाळेतून ताप घेऊन आली आणि आठवडाही निघाला नाही. तेरावा झाल्यावर बाई कॉलेजात आल्या, मायक्रोस्कोपवरचे कापड काढले आणि कामाला बसल्या.  म्हणाल्या, "पट्टेवालीची नळी कुठे ठेवलीय ती आण."

त्या माशीवर त्यांनी जवळजवळ वर्षभर काम केले. देशातल्या आणि बाहेरच्या संग्रहांतून माहिती मागवली, वर्णने ताडून पाहिली. तशी मादी कुठेच नोंदलेली नव्हती. जात नवी ठरली, आणि बाईंनी तिला जुईचे नाव दिले. प्राण्याच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, असतो आणि दुसरा त्या जातीचा. तो दुसरा शब्द जुईच्या नावावरून केला होता. निबंधाच्या शेवटी एक ओळ होती, की पहिला नमुना जिने पकडला त्या माझ्या मुलीचे नाव या जातीला देत आहे. बाईंचे पती, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, ते बँकेत होते. त्यांचा माश्यांशी संबंध बायकोने ओट्यावर ठेवलेल्या डब्यांपुरताच. पण ते छापील पान त्यांनी चौकटीत घालून घेतले आणि जुईच्या फोटोशेजारी लावले. कुणी घरी आले की ते दाखवत. "बॉटनी-झूलॉजीच्या पुस्तकात आता कायम राहणार ती," असे म्हणत. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

मध्ये माझी आई सिव्हिल हॉस्पिटलला होती, तेव्हाची एक गोष्ट सांगते, कारण बाईंचा स्वभाव मला तिथे कळला. इगतपुरीहून माझे कुणी येऊ शकत नव्हते. बाई रोज कॉलेज सुटल्यावर भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन यायच्या, आईजवळ बसायच्या. आईला जुईचे काही माहीत नव्हते. एक दिवस तिने विचारले, "माझी पोर त्या माश्यांच्या मागं लागलीय, त्या करत्यात तरी काय?" बाईंनी सगळे सांगितले. मडके कसे घडते, अळ्या कशा भरते, तोंड कसे लिंपते.

"मंग पोरास्नी बघती कवा?" आईने विचारले.

"नाही बघत. पिल्लू बाहेर येतं तोवर ती मेलेली असते."

 आई म्हणाली, "बेस हाय की. मंग पोर मेलेलं बी बघाया लागत नाय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. बाईंनी उठून डबा धुऊन आणला, आईची चादर नीट केली आणि दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी परत आल्या. आई गेली त्या दिवशीही त्याच माझ्याबरोबर होत्या.

यानंतर काही वर्षांनी, मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते तेव्हा, दिंडोरीला एका मांडवाच्या अँगलवर जुईच्या जातीची एक मादी मडकी बांधताना आम्हांला सापडली. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो. एकाला एक लागून तिने काही मडकी बांधली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती एकटीच येत-जात होती. तोंडे लिंपून ती गेल्यावर बाईंनी ती सगळी रास अलगद काढली. कॉलेजात आणून प्रत्येक मडके वेगळ्या काचेच्या नळीत, तोंडाला कापूस लावून ठेवले. या जातीचा नर कुणी पाहिला नव्हता. तो मिळाला तर वर्णन पुरे होणार होते. बाईंना इतक्या खुशीत मी फार कमी वेळा पाहिले आहे.

नर आधी बाहेर पडतात. पहिला पडला तेव्हा बाई तासाला गेल्या होत्या आणि तो मीच पाहिला. लिंबासारखा पिवळा चेहरा, मिशांची टोके आकड्यासारखी वळलेली, आणि कमरेवर एक खूण अशी की ती चुकणे शक्य नव्हते. ती जात मला माहीत होती. इंग्रज अमदानीतल्या कुणा साहेबाने फक्त नरांवरून तिचे वर्णन केले होते आणि तिची मादी आजवर कुणाला सापडली नव्हती. दोन दिवसांनी शेजारच्या नळीतून मादी बाहेर आली. काळ्या अंगावर विटकरी पट्टा.

बाईंनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ-बहीण आहेत."

याचा अर्थ आमच्या शास्त्रात एकच होतो. साहेबाचा नर आणि जुईची मादी ही एकाच जातीची. एका जातीला दोन नावे असली की जुने टिकते आणि नवे रद्द होते. शिवाय रद्द झालेला तो शब्द त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या कुठल्याही जातीला पुन्हा देता येत नाही. म्हणजे पुढे नवी कुंभारीण सापडली तर तिला जुईचे नाव देऊ, ही सोयसुद्धा नाही. नर-मादी वेगळ्या दिसतात म्हणून दोन जाती मानण्याची चूक या विषयात भल्याभल्यांनी केली आहे. कुणाची लाज जात नाही. पण त्यांच्या चुकांना त्यांच्या मुलींची नावे नव्हती.

मी म्हटले, "बाई, मिश्र रास असेल. दुसऱ्या मादीनं येऊन मडकं चिकटवलं असेल."

"आपण बसलो होतो ना तिथं? आली होती का दुसरी?"

"मग अजून थोडं थांबा. आणखी घरटी मिळू देत."

"मिळतील तेव्हा मिळतील. मला आज दिसलंय."

त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. जगात दुसऱ्या कुणाला हे माहीत नव्हते आणि कळण्याचा संभवही नव्हता. मी गप्प राहायला तयार होते, हे मी इथे बिनदिक्कत लिहिते. आजही असेन.

बाईंनी घरी सांगितले तेव्हा मीही तिथे होते. काका मूळचे नामपूरचे. एरवी बँकेतले शुद्ध बोलणे, पण आतून हलले की तिकडची अहिराणी यायची. ते म्हणाले, "राहू दे ना ते नाव. माशीच शे. कोनले समजनार शे?"

"मला समजलंय," बाई म्हणाल्या.

काका चौकटीकडे पाहत होते. म्हणाले, "एकदा देवानं नेली. आता तू नेतेस."

 बाईंनी नाव मागे घेणारा निबंध लिहिला. इतका छोटा निबंध त्यांनी दुसरा लिहिला नसेल. अमुक नाव हे अमुक नावाचे समानार्थी असल्याने रद्द समजावे, आणि खाली पुरावा. चूक कुणाची, तर लेखिकेची. मुलीबद्दल एक शब्द नाही. काकांनी ती चौकट भिंतीवरून काढू दिली नाही. बाईंनीही तसा हट्ट धरला नाही. दोघे त्याच घरात राहिले, त्याच टेबलावर जेवले, आणि हा विषय काका गेले तोवर पुन्हा निघाला नाही. या ग्रंथात बाईंनी शोधलेल्या जातींची यादी आहे. त्यात ते नाव नाही आणि नसावे, कारण यादी बाईंनीच तपासून दिली आहे.

गेली काही वर्षे बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला आहे. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. मायक्रोस्कोप सुटला. दिंडोरीला मी त्यांना शेवटचे घेऊन गेले तेव्हा बागेत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी नुकतीच झाली होती. बागवाले आमच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी बांधावरच अडवले. "आत नका जाऊ बाई, औषध लय जहाल हाय. आन् तुमच्या त्या मडकेवाल्या आता दिसत बी नाय. आमीच ह्या औषधातून कसेबसे वाचतोय, त्या कुटून जगत्यात." बाईंनी तरी हात लांब करून जवळच्या अँगलवरून बोटे फिरवली. लोखंड गुळगुळीत होते. त्यानंतरही मी त्या भागात शोधते आहे. ती जात मला कुठेच मिळालेली नाही.

आता या लेखाच्या कारणाकडे येते. रद्द झालेले नाव परत येऊ शकते. दोन जाती खरोखर वेगळ्या आहेत हे कुणी सिद्ध केले तर ते नाव पुन्हा उभे राहते. हल्ली डी.एन.ए.वरून अशा जाती वेगळ्या निघाल्याची उदाहरणे आम्ही रोज वाचतो. हुबेहूब दिसणाऱ्या, शेजारी राहणाऱ्या, आणि तरी वेगळ्या. माझ्या मनाने घेतले. आम्ही पाहिलेल्या त्या मादीच्या आधी कुणी तिथे मडके बांधून ठेवले असेल. जुईने पकडलेली माशी वेगळी असेल. ताजे नमुने मिळणार नव्हते, म्हणून जुन्यांचेच पाय तपासायला पाठवावे लागणार होते. पंचाहत्तरीच्या समारंभात व्यासपीठावर जाहीर करू, असाही बेत मी मनात केला होता.

बाईंच्या परवानगीशिवाय मी तो नमुना तोडला नसता. मी म्हटले, "बाई, एका माशीचा पाय हवाय." कोणत्या माशीचा हे त्यांनी विचारले नाही. म्हणाल्या, "मी येते."

कॉलेजात त्या माझ्याशेजारी बसल्या. मी पेटी उघडली. टाचणीखाली चिठ्ठी, तिच्यावर बाईंच्या जुन्या बारीक अक्षरात गावाचे नाव आणि पकडणाराचे नाव. मी चिमट्याने मधला एक पाय धरला. बाईंना समोरचे दिसत नव्हते, त्या आवाजाकडे कान लावून होत्या.

"तुटला?"

"हो."

"बाकी शाबूत आहे ना?"

"आहे, बाई."

इतक्या जुन्या नमुन्यातून काही निघेलच असे नाही, असे प्रयोगशाळेने आधीच बजावले होते. मी ते बाईंना सांगितले होते. तरी दर आठवड्याला त्यांचा फोन येऊ लागला. माझी तब्येत विचारायच्या, नाशिकच्या थंडीबद्दल बोलायच्या, आणि ठेवता ठेवता म्हणायच्या, "आलं का ग काही?" इतक्या वर्षांत बाईंनी कुठल्या उत्तराची अशी वाट पाहिलेली मला आठवत नाही. तेव्हा मला कळले की पाय तोडला त्या दिवशी एकटी मीच आशेवर बसले नव्हते.

उत्तर गेल्या महिन्यात आले. जुईने धरलेली माशी, राशीतली मादी आणि तिचा पिवळ्या चेहऱ्याचा भाऊ, तिघेही एकच. संशयाला जागा नाही. फोनवर सांगणे मला जमले नसते म्हणून घरी गेले. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी सांगितले.

 त्या म्हणाल्या, "बरं झालं."

मला वाटले त्या मलाच धीर देत आहेत. मी त्यांचा हात धरला.

"वेगळ्या निघाल्या असत्या ना, निमा," त्या म्हणाल्या, "तर मी माझ्या पोरीचं नाव उगीच पुसलं असं झालं असतं. तेव्हापासून तीच भीती होती. यांना तर मी हे कधीच सांगू शकले नव्हते." मग डोळे पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्यावर लिहिणार आहेस ना त्या ग्रंथात? मग हे लिही. दुसरं कौतुक नको. तपासलं आणि तेच निघालं, म्हणून लिही."

बाईंच्या आज्ञेप्रमाणे मी ते इथे नोंदवले आहे. जुईच्या नावाची माशी नाही.

आता माझे मागणे. काका गेले. जुईबरोबर शाळेत असलेल्या मुली आज कुठे आहेत मला माहीत नाही. परतीच्या एस.टी.त ती किती बोलत होती, हे आठवणारी माणसे आता दोनच उरली आहेत, बाई आणि मी. परवा मी निघत होते तेव्हा बाई म्हणाल्या, "ती म्हणायची बघ, सगळ्या माश्या सारख्याच दिसतात." इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून तिचा विषय काढल्याची ही पहिलीच वेळ. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दल बोलत बसलो. अजून खूप बोलायचे राहिले आहे. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि माझ्या आधी त्यांनी जाऊ नये.